अंदमानला जावे, पण कोणत्या महिन्यात?

'अंदमानला केव्हा जावे?' हा प्रश्न मराठी माणूस ज्या आस्थेने विचारतो, त्या आस्थेने तो अन्य कोणत्याही बेटाविषयी विचारत नसावा. मालदीव, मॉरिशस, बाली ही नावे आपल्यापर्यंत प्रवासी कंपन्यांच्या रंगीत माहितीपत्रकांतून आली. अंदमान मात्र त्याच्या कितीतरी आधी, शाळेच्या पुस्तकांतून आणि 'माझी जन्मठेप'च्या पानांतून आपल्या घरात येऊन बसले होते. त्यामुळे निळे पाणी आणि पांढरी वाळू पाहावयास निघालेला पर्यटक आणि सेल्युलर जेलमधील कोठडीसमोर हात जोडावयास निघालेला यात्रेकरू असे दोघेही एकाच मराठी कुटुंबात, पुष्कळदा एकाच व्यक्तीत, नांदत असतात. केव्हा जावे हा प्रश्न अवघड होतो तो येथेच.

पर्यटनाच्या पुस्तकांतील उत्तर सर्वांना ठाऊक असते : नोव्हेंबर ते एप्रिल. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. त्या सहा महिन्यांतील एक महिना दुसऱ्यासारखा नसतो. शिवाय बंगळुरूत नोकरी करणाऱ्या, मुले येथील शाळांत शिकत असलेल्या आणि वृद्ध आईवडिलांना सोबत नेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला ते सहाही महिने सारखेच मोकळे असतात असे नाही. बँकेत काम करणाऱ्यांविषयी तर बोलावयासच नको. म्हणून या प्रश्नाचा थोडा बारकाईने विचार करू.

नकाशा उघडून पाहिला तर प्रथम एक गंमत लक्षात येते. मध्य अंदमानातील मायाबंदर आणि आपले बंगळुरू ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे १३ अंश उत्तरेस, आहेत. अक्षांश एकच, पण हवा किती निराळी! समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळुरूला वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. अंदमानच्या राजधानीत तो सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. तेथे हिवाळा नाहीच. जानेवारीतही घाम येतो आणि जुलैतही. 'थंडीत जावे की उन्हाळ्यात' असा प्रश्न तेथे लागू पडत नाही. बेटांचे वर्ष वाऱ्याने आणि पाण्याने विभागलेले आहे.

(जाता जाता नावांचा खुलासा. राजधानीच्या पोर्ट ब्लेअर या शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीविजयपुरम असे करण्याची घोषणा झाली. त्यापूर्वी ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेट स्वराज द्वीप, नील बेट शहीद द्वीप आणि रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. नेताजींनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकावला त्या घटनेला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती. तिकिटे काढताना जुनी-नवी दोन्ही नावे भेटतात, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवावीत.)

भारतात नैऋत्य मोसमी पावसाचे पहिले पाऊल पडते ते याच बेटांच्या परिसरात. हवामान खात्याच्या सर्वसाधारण वेळापत्रकानुसार मोसमी वारे केरळात १ जूनला पोहोचतात. अंदमानच्या समुद्रात त्यांचे आगमन मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच होते. आपल्याकडे मुलांच्या सुट्टीचे दहा-बारा दिवस उरलेले असतात, आंबे अजून संपलेले नसतात, आणि तेथे पावसाळा सुरू झालेला असतो. हा पाऊस सप्टेंबरपर्यंत मुक्काम करतो. तो सरतो न सरतो तोच ईशान्येचे वारे सुरू होतात. तामिळनाडूला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस देणारे हेच वारे अंदमानलाही सोडत नाहीत. थोडक्यात, या बेटांना दोन पावसाळे आहेत आणि त्यांच्यामध्ये फारशी फट नाही. खरी कोरडी हवा असते ती जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, आणि त्यातही फेब्रुवारी-मार्च हे सर्वांत निर्धोक महिने. पुस्तकातील 'नोव्हेंबर' हा शब्द म्हणूनच थोडा जपून वाचावा.

परंतु पर्यटक जेव्हा पावसाची चौकशी करतो तेव्हा तो आकाशाकडे पाहत असतो. अंदमानात पाहावयाचे असते समुद्राकडे. राजधानीहून स्वराज द्वीपाला जाण्यास ना रस्ता आहे ना पूल. खासगी वेगवान बोटीने सुमारे दीड तास आणि सरकारी बोटीने त्याहून अधिक असा तो सागरी प्रवास आहे. तासभर कोसळून गेलेल्या सरीने या प्रवासाचे काही बिघडत नाही. उलट डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही शे-दोनशे मैलांवर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, तर समुद्र खवळतो आणि फेऱ्या थांबविल्या जातात. त्या थांबविणे योग्यच असते. पण त्या वेळी तुम्ही कोणत्या बेटावर आहात आणि तुमचे परतीचे विमान केव्हा आहे, यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे डिसेंबर २०१६. पर्यटनाचा अगदी ऐन हंगाम. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बेटांजवळ कमी दाबाचे तीव्र क्षेत्र निर्माण झाले, वारा-पाऊस सुरू झाला, बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाची जहाजे धाडावी लागली. हीच प्रणाली पुढे 'वरदा' चक्रीवादळ होऊन १२ डिसेंबरला चेन्नईवर आदळली. त्या वेळी नोटाबंदीला जेमतेम महिना झाला होता आणि देशभर रोकड मिळण्याची मारामार होती, ही गोष्ट आपण बँकवाले विसरू शकत नाही. अनोळखी बेटावर चार दिवस अधिक राहावे लागणे आणि तेही अशा दिवसांत, याची कल्पना सहज करता येईल.

बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात : एक मोसमी पावसापूर्वीचा, मुख्यतः मे महिन्याचा, आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. नोव्हेंबर २०१३ मधील 'लेहर' हे वादळ तर थेट अंदमानवरूनच गेले. अर्थात अपवाद कोणत्याही नियमाला असतोच. मार्च २०२२ मध्ये, म्हणजे निर्धोक समजल्या जाणाऱ्या महिन्यातही, तीव्र कमी दाबाचे क्षेत्र बेटांलगत सरकले आणि बोटी थांबवाव्या लागल्या. तरीही जोखीम कोठे अधिक आणि कोठे कमी हे पाहूनच आपण ठेवीदेखील ठेवतो. डिसेंबरचा पूर्वार्ध आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध यांची जोखीम सारखी नाही, आणि गर्दी व दर मात्र डिसेंबरातच अधिक असतात, हे आधी ध्यानात घेतलेले बरे.

आता मराठी मनातील तिथींकडे वळू. अंदमानला जाण्यासाठी आपल्याकडील अनेकांच्या मनात एक दिवस ठरलेला असतो, तो म्हणजे २८ मे, स्वातंत्र्यवीर सावरकरांची जयंती. भावना सर्वस्वी समजण्याजोगी आहे. मुलांना सुट्टी असते, नातेवाईक जमलेले असतात, आणि त्या दिवशी त्या कोठडीसमोर उभे राहण्याचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. पण वर सांगितल्याप्रमाणे मोसमी पाऊस बेटांवर येऊन तोवर आठवडा झालेला असतो. जयंतीचा दिवस पाळावा तर समुद्र हातचा जाण्याची शक्यता फार.

आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक दांपत्य आहे. काका मूळचे बेळगावचे, निवृत्त शिक्षक. मुलाच्या नोकरीमुळे आता बंगळुरूत स्थायिक. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते मुदत ठेवीची पावती घेऊन आले आणि ठेव मोडून द्या म्हणाले. ठेव ऑगस्टमध्ये पिकणार होती. मुदतपूर्व मोडल्यास व्याज कमी होते, त्याऐवजी ठेवीवर कर्ज घेऊन ऑगस्टमध्ये फेडून टाकणे परवडेल, असा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखविला. कशासाठी हवेत पैसे, असे विचारले तेव्हा कळले, की २८ मे रोजी सेल्युलर जेलमध्ये असावयाचे आहे. पावसाचा विषय काढून पाहिला. काकांनी तो हसून बाजूला सारला. "पाऊस काय, त्यांनी दहा पावसाळे काढले तिथे," असे म्हणाले. यावर कोण काय बोलणार?

दोघे गेले आणि सुखरूप परत आले. काकांच्या दृष्टीने प्रवास कृतार्थ झाला होता. गुडघे दुखत असतानाही तिन्ही मजल्यांचे जिने चढून ते वरच्या मजल्यावरील त्या कोठडीपर्यंत पोहोचले, तेथे बराच वेळ बसून राहिले. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम उघड्यावर होत असल्यामुळे पावसाने झाला नाही. स्वराज द्वीपाची बोट दोन दिवस निघाली नाही, आणि मग ते बेट राहूनच गेले. काकांना त्याचे काही वाटले नाही. काकू मात्र पासबुक भरून घेताना हळूच म्हणाल्या, "यांना जेल दिसला, माझा समुद्र राहिला हो. गुडघाभर स्वच्छ पाण्यात उभं राहून एकदा मासे बघायचे होते, बस्स. पण मला केव्हा जायचं ते कुणी विचारलंच नव्हतं."

त्यांनी त्याच दिवशी स्वतःच्या नावे एक वर्षाची आवर्ती ठेव उघडली. पावणेदोन वर्षांनी दोघे पुन्हा गेले, ते फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. २६ फेब्रुवारी ही सावरकरांची पुण्यतिथी. १९६६ साली त्याच दिवशी त्यांनी आत्मार्पण केले. काकांना त्यांचा दिवस मिळाला आणि काकूंना त्यांचा समुद्र. शहीद द्वीपावर ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात दिसलेल्या निळ्या-पिवळ्या माशांचे वर्णन त्या काउंटरपाशी उभ्या राहून इतका वेळ करीत होत्या, की मागे रांग वाढली. पण रांगेतले लोकही ऐकत होते.

२६ फेब्रुवारीची ही सोय मराठी यात्रेकरूंच्या फारशी लक्षात आलेली नाही असे वाटते. वर्षातील सर्वांत शांत समुद्र, कोरडी हवा, डिसेंबरची गर्दी ओसरलेली, आणि दिवसही पवित्र. नोकरी व शाळा यांतून मोकळ्या झालेल्या ज्येष्ठांनी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचाच काळ निवडावा, आणि तो निवडताना घरातील दुसऱ्या माणसाला काय पाहावयाचे आहे हे तिकिटे काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अडचण आहे ती आपल्यासारख्या नोकरदारांची. फेब्रुवारी-मार्च हे महिने अंदमानात जितके शांत, तितकेच ते बँकेत वादळी. थकीत कर्जांची वसुली, वर्षअखेरीची उद्दिष्टे, ३१ मार्चची लेखाबंदी. या दिवसांत रजेचा अर्ज पुढे करण्याचे धाडस कोण करील? व्यापारी ग्राहकांचीही तीच गत, कारण आगाऊ कराचा शेवटचा हप्ता १५ मार्चला भरावयाचा असतो. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर प्रश्नच मिटला. एप्रिल उजाडतो तो शाखांच्या वैधानिक लेखापरीक्षणासह, आणि लेखापरीक्षक समोर बसलेले असताना अधिकाऱ्याने समुद्रकिनाऱ्याची स्वप्ने पाहू नयेत हेच उत्तम.

मग उरते काय? कर्नाटकातील शाळांना साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळी सुट्टी लागते. मोसमी पाऊस बेटांवर पोहोचतो तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. या दोहोंच्या मध्ये, १५ एप्रिल ते १० मेच्या सुमारास, तीन-साडेतीन आठवड्यांची एक खिडकी असते आणि बंगळुरूतील नोकरदार कुटुंबासाठी तीच सर्वांत चांगली, असे माझे मत आहे. त्यातही एप्रिलचा उत्तरार्ध अधिक चांगला, कारण मे जसजसा पुढे सरकतो तसतसा वादळाचा संभव वाढत जातो. उकाडा होतो हे खरे. बंगळुरूच्या हवेला सोकावलेल्या आपल्या मंडळींना तो जरा अधिकच जाणवतो. पण समुद्र बहुधा शांत असतो, पाणी नितळ असते आणि डिसेंबरच्या मानाने गर्दी कमी. आम्ही स्वतः रजा प्रवास सवलतीवर याच दिवसांत गेलो होतो. दुपारी बारा ते तीन सावलीत काढली आणि उरलेला दिवस समुद्राला दिला.

दिवसाच्या हिशेबाविषयी एक गोष्ट आधीच सांगावयास हवी. अंदमान बंगळुरूच्या पूर्वेस सुमारे १५ रेखांश आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पूर्ण एक तास पुढे. पण घड्याळ मात्र एकच. परिणामी डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. एप्रिलच्या उत्तरार्धात तो साडेपाचपर्यंत तरी साथ देतो. सकाळी आठला न्याहारी करून निघू म्हणणाऱ्या कुटुंबाचा अर्धा दिवस तेथे आधीच संपलेला असतो. पाचला उठावे, तेव्हा उजाडलेले असते.

दसऱ्याच्या सुट्टीचे काय, असे बंगळुरूतील पालक नक्की विचारतील. ऑक्टोबरमधील ही सुट्टी सोयीची दिसते, महाराष्ट्रातील नातेवाइकांची दिवाळीची सुट्टीही तिच्या मागोमाग येते. पण एक पावसाळा निघण्याची आणि दुसरा येण्याची तीच वेळ आणि चक्रीवादळांचा हंगामही तेव्हाच उघडतो. या सुट्टीत हंपीला जावे, म्हैसूरचा दसरा पाहावा. अंदमान राखून ठेवावे. नाताळची सुट्टी त्याहून बरी, विशेषतः २० डिसेंबरनंतर. मात्र तेव्हा विमानाची आणि हॉटेलांची तिकिटे व दर पाहूनच अंगावर काटा येतो.

बँक कर्मचाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक प्रकारची रजा येते, जिचा उल्लेख पर्यटनाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामकाजाच्या दिवसांची रजा देण्यात यावी असे रिझर्व्ह बँकेचे २०२१ चे निर्देश आहेत. केव्हा मिळणार हे आधी कळू न देणे हाच तिचा हेतू असल्यामुळे ती फेब्रुवारीत मिळेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. समजा ती जुलै-ऑगस्टमध्ये मिळाली आणि बंगळुरूहून अडीच तासांच्या विमानप्रवासावर असलेले अंदमान खुणावू लागले, तर जावे का?

माझ्या मते जावे, पण समुद्राची अपेक्षा येथेच ठेवून. पावसाळ्यात हॉटेलांचे दर उतरलेले असतात, जंगल हिरवेगार असते आणि राजधानीच्या शहरातच तीन-चार दिवस आनंदाने जातात. १८८३ साली स्थापन झालेली चॅथमची लाकूड गिरणी, मानववंशशास्त्रीय संग्रहालय, सागरिकी संग्रहालय हे सारे पावसाला न जुमानता पाहता येते. आणि सेल्युलर जेल तर पावसाळ्यातच पाहावा असे म्हणणारेही आहेत. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या इमारतीच्या सात पाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. मद्रासहून 'महाराजा' जहाजाने आलेले सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे उतरले, म्हणजे भर पावसाळ्यातच. पन्नास वर्षांची शिक्षा, सुटकेचे वर्ष १९६०, आणि समोर कोसळणारा पाऊस. रिकाम्या ओवरीत उभे राहून तो आवाज ऐकला, की कोलू, काथ्या आणि एकांत या शब्दांचे वजन काही निराळेच जाणवते. डिसेंबरच्या गर्दीत छायाचित्रांसाठी रांग लावून उभे राहिल्यावर ते जाणवेलच असे नाही.

या बेटांच्या हवेने मोठमोठ्यांचे बेत उधळले आहेत, हेही येथे आठवते. ज्यांच्या नावावरून पोर्ट ब्लेअर हे नाव पडले ते लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर आपल्या मुंबईच्या आरमारातले, बॉम्बे मरीनचे. त्यांनी सर्वेक्षण करून १७८९ साली चॅथम बेटावर वसाहत वसविली. ती १७९२ मध्ये उत्तरेकडे हलविण्यात आली आणि रोगराईने व मृत्यूंनी ग्रासल्यामुळे १७९६ मध्ये गुंडाळावी लागली. त्यानंतर बासष्ट वर्षांनी डॉ. वॉकर दोनशे बंदिवानांना घेऊन आले, ती तारीख होती १० मार्च १८५८. मार्च महिना! योगायोग असेलही.

काय पाहावयाचे यावरून महिना ठरविणारेही असतात. पोवळ्यांची बेटे पाहावयाची असतील तर वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय हे बेट साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत खुले असते. उरलेल्या काळात त्याला विश्रांती देऊन रेड स्किन बेटावर नेतात. समुद्रात बुडी मारून तळ पाहण्याची हौस असलेल्यांनी फेब्रुवारी ते एप्रिल निवडावा. मात्र एप्रिलअखेरीस पाणी फार तापले तर पोवळी पांढरी पडतात. १९९८ आणि २०१० साली असे मोठ्या प्रमाणावर झाले होते. उत्तरेस डिगलीपूरजवळच्या कालीपूर किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालावयास येतात ती मुख्यत्वे डिसेंबर ते फेब्रुवारीत. तेथवरचा प्रवास लांबचा आहे, लहान मुलांसह नको.

महिना ठरला तरी तिथी पाहावयाची राहतेच, आणि येथे भिंतीवरची दिनदर्शिका उपयोगी पडते. स्वराज द्वीपाच्या काही किनाऱ्यांवर रात्री पाणी हलविले की ते निळसर चमकते; पाण्यातील सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश. चांदण्यात तो दिसत नाही, म्हणून अमावास्येच्या आगेमागे जावे. शहीद द्वीपावरील खडकांची नैसर्गिक कमान आणि तिच्या पायथ्याची मासे-खेकड्यांनी भरलेली डबकी पाहावयाची ती ओहोटीत. कोकणातील माणसाला हे सांगावे लागत नाही : अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते तसे पाणी मागेही फार हटते, आणि अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा ते ना धड चढते ना धड उतरते. परंतु तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचे कोकणी गणित तेथे चालत नाही. ते आपल्या पश्चिम किनाऱ्याचे गणित आहे. अंदमानात भरती-ओहोटीच्या वेळा निराळ्या. त्या मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

पैशांविषयी थोडेसे. चेन्नईहून टाकलेली सागरी प्रकाशतंतू वाहिनी १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाल्यापासून अंदमानातील संपर्कव्यवस्था पूर्वीच्या उपग्रहावर अवलंबून असलेल्या दिवसांच्या मानाने पुष्कळ सुधारली आहे. तरीही लहान बेटांवरील नारळवाला, रिक्षावाला आणि छोटी खाणावळ यांच्यासाठी रोख रक्कम बाळगावी, आणि ती राजधानीच्या शहरातच काढून घ्यावी. ठरलेल्या मुक्कामापेक्षा दोन दिवसांचा खर्च अधिक धरावा. त्याची गरज पडली नाही तर ते पैसे परत खात्यात येतीलच.

आणि कार्यक्रम आखताना एक साधा क्रम पाळावा, तो कोणत्याही महिन्यात उपयोगी पडतो. बहुतेक प्रवासी कंपन्या पहिल्याच दिवशी सेल्युलर जेल दाखवितात आणि बेटे शेवटी ठेवतात. शक्य असेल तेथे हा क्रम उलटा करून घ्यावा. उतरल्याबरोबर बोट धरून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आधी उरकावीत, आणि विमानापूर्वीच्या दोन रात्री राजधानीत काढाव्यात. बोट एक-दोन दिवस अडली तरी विमान चुकत नाही. जेलला जाण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून ठेवावा. ध्वनिप्रकाश कार्यक्रम त्या दोन संध्याकाळींपैकी पहिल्या संध्याकाळी धरावा, म्हणजे पावसाने तो हुकलाच तर दुसरी संध्याकाळ हाताशी उरते.